सूट कामाला की मालकाला? : स्थानिक संस्थांच्या वाहनांना मिळालेल्या सवलतींचा इतिहास



स्मृतिव्याख्यानाला राजेरजवाडे, लढाया किंवा साधुसंत असे विषय शोभून दिसतात. नगरपालिकेची कचऱ्याची गाडी, पाण्याचा टँकर आणि अग्निशामक बंब यांच्यावर कोणी तासभर बोलणार आहे हे निमंत्रणपत्रिकेत वाचून काहींना नवल वाटले असेल. तथापि राज्यकारभाराचा इतिहास मोठ्या सनदांइतकाच अशा किरकोळ वस्तूंतही लपलेला असतो. आणि सरकार स्वतःच केलेल्या नियमातून स्वतःला केव्हा व कसे वगळते हे पाहायचे तर सरकारी वाहनांसारखे सोयीचे उदाहरण दुसरे नाही.

धूर न सोडणारी, म्हणजे प्रामुख्याने विजेवर चालणारी, वाहने सरकारी व स्थानिक संस्थांनीच आधी घ्यावीत असे नियम गेल्या काही वर्षांत देशोदेशी झाले. नियम आला की पाठोपाठ सवलतीची मागणी येते. बंबाला वगळावे काय? टँकरला? साहेबांच्या मोटारीला? हा वाद नवा वाटतो, परंतु त्याची मुळे आपल्याच कायद्यात निदान ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे मागे जातात. तेथूनच प्रारंभ करू.

इसवी सन १९३९. त्या वेळी बालाघाट, भंडारा आणि नागपूर हे जिल्हे एकाच मध्य प्रांत व वऱ्हाडात होते. गोंदिया हा वेगळा जिल्हा होण्यास अजून साठ वर्षे अवकाश होता. त्या वर्षी मोटार वाहन कायदा झाला. त्याच्यामागे रस्त्याची काळजी होती तितकीच रेल्वेची होती. महायुद्धानंतर मोटारबसगाड्या वाढल्या आणि त्यांनी रेल्वेचे उतारू पळविले. मिचेल-किर्कनेस समितीने १९३३ च्या सुमारास या स्पर्धेचा अभ्यास केला, वेजवुड समितीने १९३७ मध्ये रेल्वेच्या बिकट अवस्थेचा विचार केला, आणि या साऱ्यातून परवान्याची पद्धत दृढ झाली : भाड्याने माणसे वा माल वाहणाऱ्या मोटारीला परवाना हवा, आणि तो देताना अधिकाऱ्याने रेल्वे व रस्ता या दोहोंचा विचार करावा.

आता या कायद्याच्या ४२ व्या कलमातील अपवाद पाहा. सरकारच्या मालकीची, व्यापारी धंद्याशी संबंध नसलेली वाहने परवान्यातून मुक्त होती. त्यापुढचा अपवाद आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. स्थानिक संस्थेच्या मालकीचे, किंवा स्थानिक संस्थेशी करार केलेल्या माणसाच्या मालकीचे, आणि केवळ रस्ते झाडणे, रस्त्यांवर पाणी मारणे व मैला-कचरा वाहून नेणे एवढ्याच कामी वापरले जाणारे वाहन परवान्यातून मुक्त. पोलीस, अग्निशमन व रुग्णवाहतूक यांसाठीच असलेली वाहने मुक्त. प्रेते वाहणारी गाडीही मुक्त.

या यादीत तर्क आहे. परवाना कशासाठी, तर धंद्यातील स्पर्धा आवरण्यासाठी. कचऱ्याची गाडी रेल्वेचे उतारू पळवीत नाही. मग तिला परवाना कशाला? नियमाच्या हेतूतूनच अपवाद निघाला आहे. दुसरे, ‘केवळ’ हा शब्द. रोज सकाळी मैला वाहणारी गाडी दुपारी बाजारात भाडे मारू लागली की तिची सूट गेली. आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत लक्षणीय वाटते : ठेकेदाराची गाडीही त्या सुटीत बसते. गाडी नगरपालिकेची आहे की ठेकेदाराची, याला त्या कलमाने दुय्यम मानले. ती काय काम करते याला मुख्य मानले. सरकारच्या स्वतःच्या गाड्यांच्या बाबतीत मात्र कायदा इतका कठोर नव्हता, तेथे मालकीने बरेचसे काम भागत असे. म्हणजे कामाला सूट आणि मालकाला सूट, या दोन्ही वाटा एकाच कलमात शेजारी शेजारी उभ्या होत्या. पुढील साऱ्या इतिहासात त्या दोन वाटांची ओढाताण दिसते.

हाच अपवाद जवळजवळ शब्दशः १९८८ च्या कायद्याच्या ६६ व्या कलमात उतरला. तो कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला.

विम्याच्या बाबतीतली सूट निराळ्या घडणीची आहे. मोटारीखाली सापडलेल्या तिऱ्हाइताला भरपाई मिळावी यासाठी सक्तीचा विमा १ जुलै १९४६ पासून लागू झाला. आजच्या कायद्याच्या १४६ व्या कलमानुसार स्थानिक संस्थांना व राज्य परिवहन उपक्रमांना शासन या सक्तीतून सूट देऊ शकते. परंतु तेथे एक परंतुक आहे. अपघाताची देणी भागविण्यासाठी त्या संस्थेने स्वतंत्र निधी उभारलेला व राखलेला असला पाहिजे. निधी नसेल तर सूट नाही. म्हणजे ज्या हेतूने नियम झाला तो हेतू अन्य मार्गाने सिद्ध करून दाखविणाऱ्यालाच नियमातून मोकळीक. बैलगाडीखाली सापडलेल्याला जे मिळत नव्हते ते नगरपालिकेच्या टँकरखाली सापडलेल्याला मिळावे, एवढी शाश्वती कायद्याने हातची सोडली नाही. सवलत कशी द्यावी याचा याहून चांगला नमुना आपल्या मोटार-कायद्यात मला आढळला नाही.

येथवर धुराचा प्रश्न कोठेच आला नाही. आता मुंबईकडे वळू, कारण धूर न सोडणारा सार्वजनिक ताफा तेथे फार पूर्वीच दिसला, आणि तोही कोणत्याही नियमावाचून. ९ मे १८७४ रोजी तेथे घोड्यांची ट्राम सुरू झाली. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, हा सारा उपक्रम महापालिकेच्या मालकीचा झाला; आज आपण त्याला ‘बेस्ट’ म्हणतो. १९६२ मध्ये त्याच उपक्रमाने वरच्या तारांतून वीज घेणाऱ्या ट्रॉलीबसगाड्याही आणल्या. म्हणजे विजेवर माणसे वाहणारा ताफा एका स्थानिक संस्थेच्या हाती आला होता, आणि पुढे त्याच संस्थेने तो मोडीत काढला. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली. ट्रॉलीबस १९७१ मध्ये बंद झाली. डिझेलच्या बसला रूळ नकोत, तारा नकोत, ती कोठेही वळते. आणि तिच्या धुराचा खर्च कोणाच्याच वहीत लिहिला जात नव्हता. त्या काळच्या कारभाऱ्यांना दोष देण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे. तरीही ताफा हातात असता तो जाऊ दिला गेला, हेही खरेच. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये बेस्टने बॅटरीवरील पहिल्या बसगाड्या आणल्या, तेव्हा त्यांचे स्वागत नवलाईच्या वस्तूसारखे झाले.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ‘शून्य उत्सर्जन’ हे गाडीच्या धुरनळीपुरतेच शून्य असते. १९०७ ची ट्राम ज्या विजेवर धावली ती वाफेच्या वीजघरातून येत होती. आज नागपूरजवळच्या कोराडीच्या चिमण्या पाहिल्या की हा मुद्दा वेगळा सांगावा लागत नाही. बाजारपेठेतला धूर विजेच्या गाडीने कमी होतो हे निश्चित. तो कोठे जातो हा प्रश्न वीज कशी बनते यावर सोपवावा लागतो. असो.

सरकारी गाड्यांना सूट नाही, असे स्पष्टपणे प्रथम म्हटले ते न्यायालयाने. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी आदेश दिला, की दिल्लीतील संपूर्ण शहर-बस ताफा ३१ मार्च २००१ पर्यंत नैसर्गिक वायूवर आणावा. संपूर्ण ताफा, म्हणजे सरकारी दिल्ली परिवहन निगमाच्या बसगाड्याही आणि खाजगीही. हा वायू म्हणजे शून्य उत्सर्जन नव्हे. परंतु ताफ्यावर अशी सक्ती आपल्याकडे इतक्या मोठ्या प्रमाणावर पूर्वी झालेली नव्हती. अडचणी खऱ्या होत्या : वायूचे पंप अपुरे, रांगा मैलोन्मैल, गाड्या मिळेनात. मुदत वाढली, पुन्हा वाढविण्याची विनंती आली. अखेर ५ एप्रिल २००२ च्या निर्णयात न्यायालयाने डिझेलवर धावणाऱ्या प्रत्येक बसमागे दररोज ५०० रुपये, आणि तीस दिवसांनंतर १,००० रुपये, दंड बसविला. सूट मागणाऱ्याला ती मिळाली नाही. जे मिळाले ते विलंबाचे मूल्य ठरविणारे दरपत्रक.

मध्येच एक छोटे प्रकरण सांगतो. विषयांतर वाटले तरी ते नाही. मोटारीच्या टपावरील लाल दिवा मूळचा तातडीच्या कामाचा. हळूहळू तो पदाचा झाला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये त्याच्या बेसुमार वापराला आवर घातला, आणि केंद्र सरकारने १ मे २०१७ पासून सर्व मान्यवरांच्या गाड्यांवरील दिवे उतरविले. दिवा उरला तो रुग्णवाहिका, बंब व पोलीस यांसारख्या तातडीच्या सेवांना. पदाला चिकटलेली सूट सुटली आणि कामाची सूट कायम राहिली; १९३९ चा ‘केवळ’ हा शब्द अठ्ठ्याहत्तर वर्षांनी पुन्हा टपावर येऊन बसला, असे म्हणावयास हरकत नाही.

यानंतर सवलतींचे गणितच पालटू लागले. १८ ऑक्टोबर २०१८ रोजी केंद्राने बॅटरीवर चालणाऱ्या वाहतूक-वाहनांना परवान्याच्या अटीतून मोकळे केले. पूर्वी सूट कामाला किंवा मालकाला मिळे. आता ती इंधनाला मिळाली. कोणाचीही गाडी असो, काहीही वाहो, विजेची असली म्हणजे पुरे. रेल्वेच्या रक्षणासाठी आलेला परवाना आता डिझेलपासून लोकांना वळविण्याचे साधन बनला. कायद्याची हत्यारे अशीच हेतू बदलून वापरली जातात.

महाराष्ट्राने जुलै २०२१ मध्ये विद्युत वाहन धोरण जाहीर केले. प्रमुख शहरांत चालणारी नवी सरकारी वाहने एप्रिल २०२२ पासून विजेचीच असावीत असे त्यात होते. तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी ही तारीख १ जानेवारी २०२२ वर आणल्याचे जाहीर केले. शासन, नागरी स्थानिक संस्था व महामंडळे यांनी विकत घेतलेल्या आणि भाड्याने घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या नव्या वाहनांना ते लागू होते. भाड्याच्या गाडीचा उल्लेख मला फार महत्त्वाचा वाटतो. आज कार्यालयांतून स्वतःची मोटार घेण्यापेक्षा ठेक्याने गाडी लावण्याची रीत वाढली आहे. ती गाडी मोकळी सोडली तर नियम कागदावर राहतो.

आता आपल्या दारापर्यंत आलेला नियम. केंद्रीय मार्ग परिवहन मंत्रालयाने १६ जानेवारी २०२३ रोजी अधिसूचना काढली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती अमलात आली. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी वाहनाची नोंदणी संपुष्टात येईल, तिचे नूतनीकरण होणार नाही. कोणाची वाहने? केंद्राची, राज्यांची, महापालिकांची, नगरपालिकांची, राज्य परिवहन उपक्रमांची, सार्वजनिक व स्वायत्त संस्थांची, आणि पंचायतींची. पंचायत हा शब्द तेथे स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणजे आपल्या खैरलांजीच्या जनपद पंचायतीच्या आवारात एखादी जुनी जीप उभी असेल तर ती या नियमात आहे, आणि सीमेपलीकडे तुमसरच्या नगर परिषदेचा टँकरही आहे.

हा नियम विजेचे नाव घेत नाही; जुना धूर काढून टाकणे एवढेच त्याचे काम. परंतु जुनी गाडी गेली की नवी कोणती घ्यायची हा प्रश्न लगेच उभा राहतो, म्हणून तो आपल्या विषयाचा उंबरठा आहे. त्याच्या अपवादाकडे बारकाईने पाहू. देशाच्या संरक्षणासाठी आणि कायदा-सुव्यवस्था व अंतर्गत सुरक्षेसाठी प्रत्यक्ष कामगिरीवर वापरली जाणारी विशेष वाहने, चिलखती गाड्या वगैरे, एवढीच वगळली आहेत. १९३९ च्या यादीतील बंब, रुग्णवाहिका, झाडूगाडी यांची नावे येथे नाहीत. परवान्याची सूट आणि वयाची सूट एकच नव्हे, हे मान्य. तरीही बंबाचे पाहा. लहान गावाचा बंब वर्षातून मोजक्या वेळा बाहेर पडतो. पंधरा वर्षांत त्याचे जितके किलोमीटर होतात तितके भाड्याची जीप वर्षा-दोन वर्षांत करते. दोघांचे वय सारखे मोजले तर झीज मोजली जात नाही आणि धूरही मोजला जात नाही.

उलट बाजूही आहे. नियम ‘मालकीची’ वाहने म्हणतो. नगरपालिकेची स्वतःची घंटागाडी पंधराव्या वर्षी निवृत्त होते. ठेकेदाराची घंटागाडी त्याच गल्लीत, तेच काम करीत असता या नियमाच्या बाहेर राहते. तिला खाजगी वाहनाप्रमाणे योग्यता-चाचणी व राज्याच्या अटी लागू आहेत, एवढेच. १९३९ च्या कायद्याने ठेकेदार आणि नगरपालिका यांना एका ओळीत बसविले होते. २०२३ च्या नियमाने त्यांना वेगळे केले. आपण सीमेवरचे लोक असल्याने बसच्या बाबतीत हे अधिक सहज दिसते. गोंदिया-तिरोड्याकडची एस. टी. राज्य परिवहनाची, म्हणून नियमात आहे. इकडे मध्य प्रदेशाचे राज्य परिवहन महामंडळ कधीचेच बंद पडले आणि खाजगी बसगाड्याच उरल्या. त्यांच्यावर हा नियम नाही. वैनगंगेच्या एका खोऱ्यात, एकाच बाजाराला जाणारे उतारू दोन निरनिराळ्या कायद्यांच्या गाड्यांत बसतात.

मदतीचेही तसेच. केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘पीएम ई-बस सेवा’ ही १०,००० विद्युत बसगाड्यांची योजना मंजूर केली. ती मुख्यतः तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी आहे. जबलपूर-नागपूर त्यात बसतात. बालाघाट, गोंदिया, वारासिवनी बसत नाहीत. गाडी निवृत्त करण्याची सक्ती पंचायतीपर्यंत पोहोचली, नवी विद्युत बस आणण्याची मदत मोठ्या शहराच्या वेशीवर थांबली. लहान संस्थेने सवलत मागितली तर तिला पर्यावरणाची शत्रू ठरविण्याआधी ही गोष्ट विचारात घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशा लहान संस्थांचे काय करावे, यावर दूरच्या एका राज्यातील प्रयोग उपयोगी पडेल. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२३ मध्ये ताफ्यांसाठी नियम संमत केले. राज्य व स्थानिक संस्थांनी १ जानेवारी २०२४ पासून घेतलेल्या जड वाहनांपैकी (साधारण ३,८५० किलोंपेक्षा अधिक क्षमतेच्या) निम्मी शून्य-उत्सर्जनाची असावीत आणि २०२७ पासून सर्वच, असे त्या वेळी ठरले होते. दहा किंवा त्यांहून कमी वाहने असलेल्या संस्थांना, तसेच विरळ वस्तीच्या परगण्यांना, २०२७ पर्यंत मुभा होती. तातडीच्या सेवांची वाहने मुळातच वगळलेली. बाकीच्यांना सूट हवी तर कारण दाखवावे लागते : तशा प्रकारचे विद्युत वाहन बाजारात नाही, रोजचे अंतर बॅटरीला झेपत नाही, किंवा वीज कंपनीने जोडणी देण्यास उशीर केला. रोजच्या अंतराचा दावा करणाऱ्याने प्रत्यक्ष वापराच्या नोंदी सादर कराव्या लागतात. पाणी व वीज पुरविणाऱ्या सार्वजनिक संस्थांनी, वादळ-वणव्यात आमच्या गाड्या रात्रंदिवस लागतात, असे सांगून त्याच वर्षी स्वतंत्र कायद्याने आणखी मोकळीक मिळविली.

पुढचा भाग चमत्कारिक आहे. खाजगी मालवाहतूकदारांवरील नियमासाठी संघराज्य सरकारची परवानगी लागत होती. सरकार बदलण्याच्या तोंडावर, जानेवारी २०२५ मध्ये, कॅलिफोर्नियाने ती मागणीच मागे घेतली. स्वतःच्या व स्थानिक संस्थांच्या खरेदीवर नियम करण्यास मात्र त्या परवानगीची आवश्यकता नव्हती. म्हणून खाजगी ट्रक मोकळे झाले आणि पालिकेचा ट्रक बांधील राहिला. आपल्याकडच्या घंटागाडीचेच हे मोठे रूप. नियम मालकाला बांधला की असे होते. ज्याच्यावर हात चालतो त्याच्यावरच तो चालविला जातो, आणि मग तोच सवलतीसाठी दार ठोठावतो.

आपल्या भागापुरते बोलावयाचे तर घंटागाडी ही विजेसाठी सर्वांत सोयीची. तिचा मार्ग ठरलेला, वेग मंद, पन्नास ठिकाणी थांबणारा, आणि दुपारी ती पुन्हा पालिकेच्या आवारात येते. तेथे रात्रभर बॅटरी भरता येते. साहेबांच्या मोटारीचेही बहुतेक दिवशी तेच. उन्हाळ्यातील टँकरचे तसे नाही. वैशाखात त्याच्या खेपा वाढतात, ओझे जड, रस्ता खडीचा, आणि गावात वीज असेलच असे नाही. बंबाचे तर मुळीच नाही, कारण त्याला कोणत्या रात्री किती वेळ पंप चालवावा लागेल हे कोणी सांगू शकत नाही. सवलत द्यायचीच तर या क्रमाने द्यावी. प्रत्यक्षात सवलत मागणाऱ्या अर्जांत टँकर व बंब यांची नावे पुढे असतात आणि त्यांच्या आडोशाला मोटारी सुटतात, ही मला खरी धास्ती वाटते.

हे टाळण्याचे साधन प्रत्येक कार्यालयात आधीच आहे. सरकारी गाडीबरोबर एक नोंदवही असते. लॉगबुक म्हणतात ती. कोणत्या दिवशी गाडी कोठून कोठे गेली, किती किलोमीटर, किती डिझेल, कोणत्या कामासाठी, हे चालकाने लिहावे आणि अधिकाऱ्याने सही करावी अशी ती असते. पुष्कळ ठिकाणी ती महिनाअखेरीस एका बैठकीत भरली जाते हे येथे बसलेल्या निवृत्त कर्मचाऱ्यांना मी सांगावयास नको. आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी आज दोन्ही राज्यांच्या पंचायतींत, नगरपालिकांत व तहसील कचेऱ्यांत आहेत. १९३९ च्या कलमातील ‘केवळ’ हा शब्द आजही ६६ व्या कलमात आहे, आणि गाडी केवळ कोणत्या कामी लागली याचा पुरावा त्या वहीतच मिळेल, ती रोजच्या रोज भरलेली असली तर.